ताट वेगळं, चूल एकच : घरात एकट्यानं डाएट करायचं तर खर्च किती?

पाच माणसांचं घर. त्यातल्या सूनबाईंना डॉक्टरांनी सांगितलंय, साखर काठावर आहे, वजन उतरवा. बाकीच्या चौघांना काही झालेलं नाही, त्यामुळे त्यांना नेहमीचंच जेवण हवं. सासूबाईंना भाकरीवर तिखट रस्सा लागतो, मालक शेतातून दमून येतात आणि पोटभर जेवतात, पोरांना चहात बुडवायला बिस्किट लागतं. जालना जिल्ह्यातल्या जाफराबाद शहरात घ्या की माहोरा-टेंभुर्णीकडच्या गावांत, असं घर शोधायला लांब जावं लागत नाही. घरात पहिली चर्चा होते ती कोणतं डाएट चांगलं याची. मोबाइलवर दहा जण दहा प्रकार सांगत असतात. माझ्या मते आधी विचारायचा प्रश्न वेगळा आहे : आपल्या स्वयंपाकघरात यातलं कोणतं टिकेल, आणि त्याला महिन्याला किती पैसे लागतील?

ज्या डाएटला वेगळी चूल लागते, ते एकत्र घरात दुसरा महिना बघत नाही, आणि पैशानंही तेच सगळ्यात महाग पडतं. म्हणून निवड करताना एकच कसोटी धरा. घरच्या त्याच कढईतून, त्याच परातीतून माझं ताट वाढता येतं का? येत असेल तर पुढचं बोलू. नसेल तर ते डाएट कितीही नावाजलेलं असो, सोडून द्या.

असं ठामपणे म्हणायला आधार आहे. अमेरिकेत २००५ साली १६० लोकांवर चार नावाजलेल्या आहारपद्धतींची तुलना झाली. वर्षाअखेरीस वजन किती उतरलं हे पद्धतीच्या नावापेक्षा माणसानं ती किती नेमानं पाळली यावर ठरलं. २०१८ मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठानं ६०९ जणांना कमी चरबीचा आणि कमी पिष्टमय पदार्थांचा असे दोन गट करून वर्षभर पाहिलं. सरासरी वजन एका गटात ५.३ किलोनं उतरलं, दुसऱ्यात ६ किलोनं, म्हणजे सांगण्यासारखा फरक नाहीच. त्याच वर्षी कनेक्टिकट विद्यापीठानं १३० जोडप्यांचा अभ्यास केला. जोडप्यातल्या एकाच माणसाला वजन उतरवायला मदत दिली होती. तरी सहा महिन्यांत ज्यांना काहीच सांगितलं नव्हतं त्या जोडीदारांपैकी साधारण तिसऱ्या हिश्श्याचं वजनही तीन टक्के किंवा त्याहून जास्त उतरलं. एकाचं ताट बदललं की घरातली बाकीची ताटंही थोडीथोडी बदलतात. कुणावर जबरदस्ती न करता.

आपल्याकडच्या दोन पद्धती

मराठी घरांत गेल्या काही वर्षांत दोन नावं सर्वांत जास्त घेतली गेली. एक डॉ. जगन्नाथ दीक्षित, मराठवाड्यातच शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत शिकवलेले. डॉ. श्रीकांत जिचकार यांच्या व्याख्यानांतला विचार पुढे नेऊन त्यांनी ‘विनासायास वेटलॉस’ हे पुस्तक लिहिलं आणि मोफत प्रचार केला. दुसरं नाव आहारतज्ज्ञ ऋजुता दिवेकर. दीक्षित म्हणतात, खरी भूक लागेल त्या दोनच वेळा जेवा, प्रत्येक जेवण ५५ मिनिटांत आटपा, मधे पाणी, पातळ ताक किंवा बिनसाखरेचा कोरा चहा एवढंच, आणि रोज ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. दिवेकर म्हणतात, थोडं थोडं, दर दोन-तीन तासांनी खा, घरचं आणि हंगामातलं खा, तुपाला घाबरू नका. या दोघांवरून घराघरांत वाद झाले. मला त्या वादात पडायचं नाही, कारण खर्चाच्या वहीत दोघांचीही बाजू चांगली आहे. दोघंही घरचंच अन्न खायला सांगतात. परदेशी पालेभाज्या, डबे, भुकट्या दोघांच्याही यादीत नाहीत.

घरात बसतं का, याचं उत्तर मात्र घरागणिक बदलतं. दोन वेळच्या जेवणाची पद्धत एकत्र घरात सहज मुरते, कारण वेगळं काही शिजवावं लागत नाही. घरच्यांना फक्त एवढंच सांगायचं असतं, "आत्याबाई, मी सकाळी नऊला जेवते आणि संध्याकाळी सातला जेवते, मधे मला आग्रह करू नका." अडचण येते ती चहाची आणि रब्बीच्या दिवसांची. पाण्याची पाळी रात्रीच्या विजेवर असेल तर मालकांचं जेवण रात्री दहाला होतं, आणि ते आल्याशिवाय जेवायचं नाही असं घरात चालत आलेलं असतं. ते मोडायचं की नाही, हे महिना सुरू होण्याआधी बोलून ठरवा. दिवेकरांची पद्धत ज्यांना ॲसिडिटीचा त्रास आहे, जे दिवसभर दुकानात किंवा शाळेत आहेत, त्यांना जमते. पिशवीत मूठभर शेंगदाणे, एक केळं, फुटाणे. पैसा फार लागत नाही, लक्ष मात्र लागतं. मूठभर शेंगदाणे सहज दोन मुठी होतात, आणि शंभर ग्रॅम शेंगदाण्यात पाचशेच्या वर कॅलरी असतात.

ताटाचा हिशोब

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांसाठी आहाराच्या सूचना काढते. मे २०२४ मधल्या सूचनांत दिवसाला दोन हजार कॅलरीचं एक ताट दिलंय : धान्य २५० ग्रॅम, डाळी-कडधान्यं (किंवा त्यांच्या जागी अंडी, मांस-मासे) ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळं १०० ग्रॅम, दूध-दही ३०० मिली, शेंगदाणे-तिळासारख्या गळितबिया व सुकामेवा ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम. ही वजनं कच्च्या वस्तूंची आहेत. वजन उतरवायचं असेल तर कात्री लावायची ती धान्याला, तेलाला आणि साखरेला. डाळ, भाजी आणि दूध तसंच ठेवायचं. आपल्याकडे नेमकं उलटं होतं. भाकऱ्या तेवढ्याच राहतात, आणि "डाएट आहे" म्हणून दूध नि डाळ कमी होते.

धान्यात सगळ्यात जास्त गैरसमज ज्वारीबद्दल आहे. वजन उतरवायला गव्हाची पोळी सोडून ज्वारीची भाकरीच खावी, असं जवळजवळ प्रत्येक जण सांगतो. पोषण संस्थेच्याच २०१७ च्या अन्नघटक तक्त्यांत शंभर ग्रॅम ज्वारीत ३३४ कॅलरी आणि सुमारे १० ग्रॅम तंतू आहेत; न चाळलेल्या गव्हाच्या पिठात ३२० कॅलरी आणि ११ ग्रॅम तंतू. म्हणजे दोन्ही तोडीस तोड. भाकरीचा फायदा असलाच तर तिला कणकेत तेल लागत नाही, वरून तेल लावावं लागत नाही, आणि ती चावून खावी लागते म्हणून दोनात पोट भरतं. घरात पोळ्या होत असतील तर तुमच्यासाठी वेगळी भाकरी थापायला कुणाला बसवू नका. फुलके तव्यावरून बिनतेलाचे काढून घ्या, तेवढं पुरे. खरा फरक पडतो तो कोंडा काढलेल्या पिठानं आणि तांदळानं. पांढऱ्या तांदळात तंतू तीन ग्रॅमच्याही आत आहेत.

भाकरीचं माप एकदाच काढा. परातीत पीठ घ्यायच्या आधी ते काट्यावर ठेवा. आपल्याकडची मोठी भाकरी ८० ते १०० ग्रॅम पिठाची होते. सकाळी एक, संध्याकाळी एक एवढ्या दोन भाकऱ्यांतच १६० ते २०० ग्रॅम धान्य संपलं. त्यावर भात आणि सकाळचे पोहे आले की २५० चा आकडा मागे पडतो. हे माप एकदा डोळ्यांत बसलं की रोज काटा लागत नाही. स्वयंपाकघरातला इलेक्ट्रॉनिक काटा साधारण ३०० ते ५०० रुपयांना मिळतो. या सगळ्या प्रकरणात मी बिनधास्त खर्च करायला सांगेन अशी हीच एक वस्तू.

तेलाचं तसंच. माणशी २७ ग्रॅम म्हणजे चहाचे सहा चमचे. महिन्याला माणशी ८१० ग्रॅम, पाच जणांच्या घराला साडेचार लिटरच्या आत. आता तुमच्या घरात पाच-पाच लिटरचे दोन डबे महिन्यात संपतात की दीड, ते बघा. फोडणीची पळी किती तेल उचलते ते मोजायला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं मापाचं झाकण घ्या. पळीभर पाणी झाकणानं मोजलं की कळतं, आपण ‘एक पळी’ म्हणतो ते कुणाच्या घरी वीस मिली असतं, कुणाच्या घरी चाळीस. आणि सासूबाईंना तर्रीशिवाय रस्सा रस्सा वाटत नसेल, तर त्यांच्यासाठी तर्री राहू द्या. तेल वर तरंगतं. पळीच्या पाठीनं तर्री बाजूला सारून खालची भाजी आणि फोडी आपल्या ताटात घ्या, रस्सा कमी घ्या. वांग्याची भाजी तीच, कढई तीच. कुणाच्या तोंडची चव गेली नाही.

महिन्याचा जादा खर्च

हिशोबासाठी मी काही दर धरतो : मिसळ भाजी ५० रुपये किलो, हंगामी फळं ५० रुपये किलो, दूध ५५ रुपये लिटर, डाळ ११० रुपये किलो, तेल १५० रुपये लिटर, साखर ४५ रुपये. आठवडी बाजारात हे वरखाली होणार. तुमचे दर घाला, रीत हीच ठेवा.

डाएट करणारीला भाजी रोज २५० ग्रॅम जास्त लागेल असं धरू. महिन्याला साडेसात किलो, ३७५ रुपये. डाळ-कडधान्य रोज ४५ ग्रॅम जास्त, महिन्याला १ किलो ३५० ग्रॅम, साधारण १५० रुपये. दूध २०० मिली जास्त, सहा लिटर, ३३० रुपये. फळाचा हिशोब मात्र एकटीचा करू नका. आपल्या घरात आई एकटी कोपऱ्यात बसून पेरू खाऊ शकत नाही, आणि खाऊही नये. फळ आणलं तर पाचही जणांना आलं : रोज अर्धा किलो, महिन्याला पंधरा किलो, ७५० रुपये. एकूण १,६०५ रुपये झाले.

आता उलट बाजू. घरातलं तेल सहा लिटरवरून साडेचारवर आलं तर २२५ रुपये वाचले. बिस्किट, टोस्ट, फरसाण मिळून रोज वीस रुपयांचं येत असेल आणि ते थांबलं, तर ६००. साखर दोन किलोनं कमी झाली, तर ९०. हे ९१५ रुपये झाले. वजाबाकी केली की महिन्याला खिशातून खरे जातात ते ६९० रुपये, आणि त्यात पोरांच्या पोटात फळ जातं. बिस्किटं थांबली नाहीत तर मात्र आकडा तेराशेच्या जवळ राहतो. म्हणून फळ आणणं आणि बिस्किट बंद करणं एकाच आठवड्यात करा. पोरं रुसतील. बशीत कापून ठेवलेली पपई किंवा सोललेली मोसंबी समोर आली की रुसवा लवकर निघतो. जालन्याच्या मोसंबीला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. आपल्या जिल्ह्याचं फळ आहे, हंगामात स्वस्त असतं. रस काढू नका, फोडी खा. रसात एका पेल्याला तीन-चार फळं जातात, पैसाही जातो आणि चोथाही.

ज्यांचं शेत आहे त्यांच्या वहीत आणखी एक नोंद हवी. तूर सगळी विकायची आणि वर्षभर डाळ दुकानातून आणायची, हे आपल्याकडे सर्रास चालतं. २०२५-२६ च्या हंगामाचा तुरीचा हमीभाव क्विंटलला ८,००० रुपये आहे. क्विंटलभर तुरीची साधारण ७० किलो डाळ पडते, म्हणजे भरडाई सोडून किलोला ११४ रुपये. हमीभाव पदरात पडला नाही, तुरीला बाजारात त्याहून कमीच मिळत असेल, तर घरची डाळ स्वस्त पडते. ८५ ग्रॅमच्या हिशोबानं पाच माणसांना वर्षाला दीड क्विंटल डाळ-कडधान्य लागतं. तेवढ्याची तूर, मूग, हरभरा खळ्यावरच बाजूला काढून ठेवला, की पैशांची ओढाताण असलेल्या महिन्यात डाळ पातळ होत नाही.

सोयाबीनबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण ते घरात पोत्यानं पडलेलं असतं आणि कुणी खात नाही. शंभर ग्रॅम सोयाबीनमध्ये सुमारे ३५ ग्रॅम प्रथिनं असतात, तूरडाळीत २२. हमीभाव ५,३२८ रुपये, म्हणजे किलोला ५३. याहून स्वस्त प्रथिन तालुक्यात दुसरं नाही. पण कच्चं सोयाबीन दळून खाऊ नका. त्यात प्रथिनांचं पचन अडवणारी द्रव्यं असतात, ती शिजवल्यावरच निकामी होतात. निवडलेलं सोयाबीन उकळत्या पाण्यात वीस-पंचवीस मिनिटं ठेवायचं, पाणी टाकून द्यायचं, उन्हात कडकडीत वाळवायचं, मग नऊ किलो गव्हाला एक किलो या प्रमाणात गिरणीत घालायचं. चव फारशी बदलत नाही. घरातल्या कुणाला सांगितलं नाही तरी चालतं, फक्त थायरॉइडची गोळी कुणाला चालू असेल तर डॉक्टरांना विचारा.

रेशनचंही मोजा. प्राधान्य कुटुंबाला माणशी महिना ५ किलो आणि अंत्योदय कार्डाला ३५ किलो धान्य १ जानेवारी २०२३ पासून फुकट मिळतं. दिवसाला २५० ग्रॅम धान्य म्हणजे महिन्याला माणशी साडेसात किलो. रेशनचं पोतं येतं म्हणून भात वाढतो, हे खरं. उरलेले अडीच किलो ज्वारी घेतली, मालदांडीचा हमीभाव ३,७४९ रुपये धरून आणि दुकानदाराचं काही वर घालून, तरी माणशी शंभर-सव्वाशे रुपयांच्या पुढे जात नाही.

याच्या शेजारी मोबाइलवरचं डाएट ठेवून बघा. रोज ५० ग्रॅम ओट्स, १०० ग्रॅम पनीर, एक सफरचंद आणि प्रोटीनचा डबा. ओट्सचे २७०, पनीरचे १,०८०, सफरचंदांचे ४५०, डब्याचे २,५०० धरले तर महिन्याला ४,३०० रुपये, एकटीचे. आणि सकाळी घरचा स्वयंपाक आटपल्यावर पुन्हा गॅस पेटवायचा. प्रोटीनच्या एका मापात २४-२५ ग्रॅम प्रथिन असतं आणि त्याला ८० रुपये पडतात; शंभर ग्रॅम तूरडाळ ११ रुपयांत २२ ग्रॅम देते. ज्याला डॉक्टरनं आजारपणात भुकटी लिहून दिली आहे त्याची गोष्ट निराळी.

रुपयांत न मोजला जाणारा खर्च

डाएट घरातल्या पुरुषाचं असेल, तर खर्च बाईच्या अंगावर पडतो. "मला काकडी-कोशिंबीर लागेल, मोड आलेले मूग लागतील, फुलके लागतील" असं सांगून तो बैठकीत जाऊन बसतो, आणि तिचा सकाळचा पाऊण तास वाढतो. मूग भिजवणं, फडक्यात बांधणं, काकडी चिरणं ही कामं ज्याचं डाएट त्यानंच करायची, हे पहिल्या दिवशी ठरलं पाहिजे. दादा, चाकू नि पाट हातात घ्यायला दहा मिनिटं लागतात.

डाएट बाईचं असेल तर घात करतं ते उरलंसुरलं. पोरानं अर्धी टाकलेली पोळी, पातेल्याच्या तळाशी राहिलेला भात, कालची भाकरी. अन्न टाकवत नाही म्हणून ती उभ्याउभ्या संपवते, आणि ते कुठल्याच हिशोबात येत नाही. उपाय स्वयंपाकाच्या मापात आहे. आठवडाभर रोज काय उरतं ते बघून तेवढं पीठ, तेवढे तांदूळ कमी घ्या. तरी उरलंच तर ते सगळ्यांच्या पुढच्या जेवणात वाटून वाढा, किंवा दावणीला जाऊ द्या. उरलेलं संपवण्याची जबाबदारी एकट्या आईची नाही, हे मुलांसमोर मोठ्यानं बोललं गेलं पाहिजे.

उपवासाला वजन उतरतं ही समजूत साबुदाण्यानं खोटी पाडली आहे. साबुदाण्यात प्रथिन जवळजवळ नाही, सगळं पिष्ट. त्यावर तूप, शेंगदाण्याचं कूट, बटाटा. सोमवार, गुरुवार, एकादशी, चतुर्थी धरून महिन्यात दहा-बारा दिवस असे जातात. उपवास श्रद्धेनं करा, पण ताटात भगर, दही, ताक, रताळं, फळं घ्या. साखरेच्या गोळ्या चालू असलेल्यांनी कडक उपवास किंवा रमजानचे रोजे धरण्याआधी डोसाबद्दल डॉक्टरांशी बोलायलाच हवं. साखर अचानक खाली गेली तर जिवावर बेततं.

महालक्ष्म्यांची पुरणपोळी, शेतातले रोडगे, अधिक महिन्यातले धोंडे, आमरसाचे दिवस यांवर बंदी घालू नका. घरात सगळे पंगतीला बसलेत आणि एक जण ताक पीत बाजूला आहे, हे दृश्य कुणालाच सहन होत नाही, आणि मग त्या दिवशी डाएट कायमचं मोडतं. पुरणपोळी एक खा, त्या दिवशी भात सोडा, रात्री फक्त कढण किंवा भाजी घ्या. चहाचा बंदोबस्त मात्र रोजचा आहे. दोन चमचे साखरेचे चार कप म्हणजे ४० ग्रॅम साखर, आणि दिवसाची मर्यादा २० ते २५ ग्रॅमची. "चहा घेता का?" याला "नको" म्हटलं तर समोरच्याला राग येतो, "अर्धा घेते, बिनसाखरेचा" म्हटलं तर येत नाही.

तपासण्या आणि कुणी थांबावं

सुरुवातीला एक टेप घ्या, वीस-तीस रुपयांची. पोटाचा घेर पुरुषात ९० सेंटीमीटरच्या, बाईत ८० च्या वर असेल तर काळजी घ्यायची वेळ आली आहे. तिशीच्या वरच्या सगळ्यांची रक्तदाब आणि साखरेची तपासणी उपकेंद्रात, आरोग्य केंद्रात फुकट होते. राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी-उपचारांचं शुल्क लागत नाही. खासगी प्रयोगशाळेत तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, साधारण ४०० ते ६०० रुपयांना होते. उपाशीपोटीचं इन्शुलिन, जे दीक्षित पद्धतीत आधी बघायला सांगतात, ६०० ते १,००० पर्यंत. नमुना बाहेरगावी पाठवणार असतील तर दर आणि अहवालाचा दिवस आधीच विचारा. एचबीएवनसी तीन महिन्यांच्या आत पुन्हा करून पैसे घालवू नका, ती तपासणी मुळात तेवढ्या काळाचीच सरासरी दाखवते.

गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाया, अठरा वर्षांखालची मुलं, इन्शुलिनवर असलेले, मूत्रपिंडाचा आजार असलेले यांनी वाचून किंवा ऐकून कुठलंही डाएट सुरू करू नये. सोयाबीनची सोंगणी, कापूस वेचणी चालू असताना दिवसभर वाकून काम करणाऱ्या बाईनं पोट मारू नये. तेवढे दिवस फक्त साखर आणि तेलावर लक्ष ठेवावं. वाढत्या मुलांचं दूध, डाळ, अंडं आईच्या डाएटपायी कमी होता कामा नये. अंडं सात-आठ रुपयांना मिळतं, त्यात सहा ग्रॅमच्या वर प्रथिन आहे.

सल्ल्याचे पैसे कुणाला द्यावे

आहारतज्ज्ञाकडे एकदा जाऊन येणं बरं. जालना किंवा छत्रपती संभाजीनगरला खासगीत पहिल्या भेटीचे ५०० ते १,००० रुपये धरून चला. एसटीत बायांना मार्च २०२३ पासून अर्धं तिकीट आहे आणि पंचाहत्तरीच्या वरच्यांना मोफत, तेव्हा जाण्यायेण्याचा बोजा मोठा नाही. जाताना घरात आठवडाभर काय शिजलं ते कागदावर लिहून न्या, सगळ्यांचं. आत गेल्यावर पहिलं वाक्य हेच बोला, "मॅडम, वेगळं शिजवता येणार नाही, यातूनच बसवून द्या." त्यावरही छापील तक्ता हातात देणाऱ्याला दुसऱ्यांदा पैसे देऊ नका. आहार-पोषण शास्त्राची पदवी आहे का, भारतीय आहारतज्ज्ञ संघटनेची नोंदणी आहे का, हे विचारायला संकोच वाटू देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय कायद्यानं आहारतज्ज्ञ हा व्यवसाय आरोग्यसेवेच्या व्यवसायांत धरला आहे. आठ दिवसांच्या शिबिरात प्रमाणपत्र घेऊन डबे विकणारा माणूस त्यात बसत नाही.

डबेवाल्यांकडे पैसे सर्वांत वेगानं जातात. सकाळी गोड पेय, वजनाचा काटा, टाळ्या, आणि महिन्याच्या डब्याला हजारोंचा आकडा. पुढे "तुम्हीही चार जण आणा". माल विकणाराच आहार ठरवत असेल तर तो सल्ला नाही, विक्री आहे. डब्यावर अन्न सुरक्षा प्राधिकरणाचा चौदा आकडी परवाना क्रमांक नसेल तर हातही लावू नका, आणि असला तरी त्याचा अर्थ "वजन उतरतं" असा होत नाही. अमुक औषधानं लठ्ठपणा किंवा मधुमेह बरा होतो अशी जाहिरात करायलाच औषधे व चमत्कारी उपाय कायदा, १९५४ नं मनाई आहे. त्याच्या यादीत हे दोन्ही विकार नावानिशी आहेत. अशी जाहिरात दिसली की विकणाऱ्याचा खरेपणा तिथंच कळला.

मोबाइलवरच्या ॲपचे किंवा ऑनलाइन कोर्सचे पैसे भरायचेच असतील तर वर्षाचे एकदम भरू नका, महिन्याचे भरा, आणि पैसे परत मिळण्याची अट आधी वाचा. खात्यातून दरमहा आपोआप पैसे कापायची परवानगी मागितली जाते, ती देऊ नका. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे, तिथं मराठीत बोलता येतं. तेवढ्यानं भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. विकणारा पुण्या-मुंबईचा असला तरी २०१९ च्या कायद्यानं तक्रार तुम्ही राहता त्या जिल्ह्यात, म्हणजे जालन्याला, करता येते. पाच लाख रुपयांपर्यंतच्या व्यवहाराला तक्रारीचं शुल्क नाही, वकील लावलाच पाहिजे असंही नाही. मुदत दोन वर्षांची आहे. पावती, पैसे पाठवल्याचा मोबाइलमधला पुरावा आणि जाहिरातीचा फोटो तोवर जपून ठेवा.